डोंगराळ मुलखातली सपाट वाट

पार्सिपनीत सायकल विकत घेणं सोपं, चालवणं अवघड. गावातून आय-८० आणि आय-२८७ हे दोन महामार्ग जातात. जोडीला रूट ४६, रूट १० आणि रूट २०२ आहेतच. लेक हायवाथाच्या सपाट गल्ल्या संपल्या की पुढे एक तर गाड्यांची रीघ लागते, नाहीतर चढ. शेजारच्या बूंटनची मेन स्ट्रीट तर अशी अंगावर येते की चांगला धडधाकट माणूसही मध्येच उतरून सायकल हातात धरतो. मग एप्रिलमध्ये हौसेने आणलेली सायकल जूनपर्यंत गराजच्या भिंतीला टेकते, आणि सहा महिन्यांसाठी भारतातून आलेले आई-बाबा घराभोवतीच फेऱ्या मारत राहतात.

आता याच मॉरिस काउंटीच्या पश्चिम टोकाला, लाँग व्हॅलीत, रविवारी सकाळी जाऊन बघा. दोन्ही बाजूंना झाडीने भरलेले डोंगर आहेत. तरी सात-आठ वर्षांची मुलं छोट्या सायकलींवर मैलोन्‌मैल जाताना दिसतात, पाठोपाठ सत्तरीचे आजोबाही. कुणाला धाप लागलेली नसते. मोटार एकही नाही. खाली डांबर नाही, करड्या रंगाची बारीक खडी आहे. डोंगर तेच, माती तीच. मग ही वाट एवढी सपाट कशी?

ही वाट सायकलसाठी केलेलीच नव्हती. ती लोखंडासाठी आणि कोळशासाठी केली होती, ज्या वाहनाला चढ अजिबात सोसत नाही त्याच्यासाठी. त्या वाहनाची अडचण समजली की न्यू जर्सीतल्या बहुतेक खडीच्या वाटांचं कोडं सुटतं.

डोंगर आणि त्यांच्या पोटातलं लोखंड

न्यू जर्सी हे किनाऱ्याचं राज्य, पण वायव्येकडे जावं तशी जमीन उंचावत जाते. पार्सिपनी नेमकं सांध्यावर बसलं आहे. गावाच्या पूर्वेला ट्रॉय मेडोज ही सपाट दलदल आहे. हिमयुगात हिमनदीने पाणी अडवल्यामुळे इथे पसेक नावाचं प्रचंड सरोवर तयार झालं होतं, त्याचा हा उरलेला तळ. पश्चिमेला हायलँड्सचे डोंगर सुरू होतात. त्यांचा खडक शंभर कोटी वर्षांहून जुना आहे आणि त्यात मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज, भरपूर आहे.

एकोणिसाव्या शतकात डोव्हर, हायबर्निया, माउंट होप ही गावं खाणींवर जगत होती. खनिज डोंगरात, ते वितळवायचा कोळसा पेनसिल्व्हेनियात, आणि गिऱ्हाईक न्यूयॉर्कच्या बंदरात. जड माल डोंगरातून हलवायचा तर बैलगाडी-घोडागाडीचा रस्ता पुरेना. म्हणून आधी कालवे आले, मग आगगाड्या.

आगगाडी चढाला का घाबरते

मुंबई-पुणे प्रवास करणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिलेलं आहे. कर्जतला गाडी थांबते, वडापाववाले धावतात आणि मागे जादा इंजिनं जोडली जातात. घाट संपला की ती सुटतात. एवढा खटाटोप कशासाठी?

आगगाडीची ताकद आणि तिचं दुखणं एकाच जागी आहे: लोखंडी चाक आणि लोखंडी रूळ. दोन्ही कठीण आणि गुळगुळीत, त्यामुळे चाक जवळपास विनासायास फिरतं. सपाट रुळावर एक टन माल हलता ठेवायला साधारण दोन-तीन किलो वजनाएवढा जोर पुरतो. म्हणूनच एक इंजिन शेकडो टन ओढू शकतं.

आता या रुळाला फक्त १ टक्का चढ द्या, म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. डोळ्याला हा चढ कळतही नाही. पण प्रत्येक टनामागे आणखी १० किलोचा जोर लागू लागतो, कारण आता वजन वर उचलायचं आहे. दोन-तीन किलोचे बारा-तेरा झाले, म्हणजे काम चार-पाचपट वाढलं. तेच इंजिन आता चौथा-पाचवा हिस्साच डबे ओढेल. इंजिनाची शक्ती वाढवूनही फार उपयोग नाही, कारण गुळगुळीत रुळावर गुळगुळीत चाक जागच्या जागी फिरू लागतं; ओल्या पानांवर तर हमखास.

बोरघाटात १८६३ साली गाडी सुरू झाली तेव्हा इंजिनियरांना ३७ मीटरमागे १ मीटर एवढा चढ पत्करावा लागला, म्हणजे जवळजवळ पावणेतीन टक्के. त्याची किंमत गाड्या आजही कर्जतला थांबून मोजतात. उलट १९९८ मध्ये पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेने हट्टाने १५० मीटरला १ मीटर ही मर्यादा पाळली. त्यासाठी डोंगर फोडून बोगदे काढले आणि दऱ्यांवर उंच पूल उभारले. सह्याद्रीच्या पायथ्याने, किनाऱ्याच्या इतक्या जवळून जाऊनही ती रेषा जवळपास सपाट आहे, ती याच धाकामुळे.

न्यू जर्सीतल्या खनिजवाहू मार्गांनी तीच युक्ती केली. शक्य तिथे नदीचा काठ धरला, कारण नदीने उताराची सोपी वाट आधीच शोधून ठेवलेली असते. जिथे टेकडी आडवी आली तिथे ती खणून खिंड पाडली, आणि खणलेली माती पुढच्या खोलगट जागेत टाकून बांध घातला. एका ठिकाणचं काढून दुसऱ्या ठिकाणी भरायचं, म्हणजे माती फार लांब न्यावी लागत नाही. आज त्या वाटेवरून जाताना हे स्पष्ट दिसतं: थोडा वेळ दोन्ही बाजूंना खडकाच्या ओल्या भिंती, त्यावर शेवाळ आणि नेचे, लगेच पुढे वाट अचानक उंचावर येते आणि दोन्हीकडे झाडांचे शेंडे खाली राहतात. वर-खाली जमीन गेली, वाट मात्र हलली नाही.

सायकलस्वाराचा हिशोब

आगगाडीला जो चढ जेमतेम सोसतो, तो सायकलस्वाराला जाणवतही नाही. याचं कारण सायकलस्वाराला सपाटीवरही बरीच शक्ती खर्चावी लागते: रबरी टायर थोडा दबतो, हवा अडवते. त्यात १ टक्का चढाची भर पडली तर काम दीडपटीच्या आसपास जातं, चार-पाचपट नाही.

माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो, वेग ताशी १५ किलोमीटर, असं धरून मी हिशोब मांडून पाहिला. नियमित व्यायाम न करणारा प्रौढ माणूस तासभर साधारण १०० वॉटच्या आसपास शक्ती देऊ शकतो, हे लक्षात ठेवून पुढचे आकडे वाचा.

[चौकट: चढ दमवतो की खडी?]
सपाट डांबरी रस्ता: सुमारे ४० वॉट
सपाट, दाबून बसवलेली बारीक खडी: सुमारे ५५ ते ६० वॉट
तीच खडी, १ टक्का चढ: सुमारे ९० वॉट
डांबरी रस्ता, ६ टक्के चढ: सुमारे २५० वॉट
आकडे ढोबळ आहेत. वारा, टायर आणि वजन यांप्रमाणे ते बदलतील. क्रम बदलणार नाही.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक लोक खडीला भितात आणि चढ विसरतात. चांगल्या खडीमुळे जेवढं काम वाढतं ते अर्ध्या टक्क्याच्या चढाएवढंच आहे. उलट पार्सिपनीभोवतीच्या साध्या डांबरी रस्त्यावर एखादा ६ टक्क्यांचा चढ लागला की काम एकदम सहापट होतं, आणि अंगाजवळून गाड्या जात असतात त्या वेगळ्याच. लहान मूल, वयस्क आई-वडील, नव्याने सुरुवात करणारी बाई, यांच्यासाठी सपाट खडी ही डोंगरी डांबरापेक्षा दरवेळी सोपी.

कालव्याने डोंगर कसा ओलांडला

आगगाडीला चढ महाग पडतो, कालव्याला तर तो परवडतच नाही. साठलेलं पाणी तिरपं राहत नाही. तरीही पार्सिपनीच्या अगदी जवळून, बूंटन आणि माँटव्हिलमधून, मॉरिस कालवा जात होता. १८३१ मध्ये तो डेलावेअर नदीकाठच्या फिलिप्सबर्गपासून नुअर्कपर्यंत पूर्ण झाला आणि १८३६ पर्यंत जर्सी सिटीला पोचला. लांबी शंभर मैलांहून थोडी जास्त. त्याला पाणी पुरवणारा हॉपॅटकाँग तलाव समुद्रसपाटीपासून ९१४ फुटांवर आहे. म्हणजे कोळशाने भरलेली नाव इतक्या उंचीवर चढवून पुन्हा समुद्रापर्यंत उतरवायची होती.

यासाठी कालवा पायऱ्यापायऱ्यांनी बांधला. प्रत्येक पायरीवर तो सपाट वाहतो. लहान पायरी असेल तिथे जलपाश: दोन दारांच्या हौदात नाव घ्यायची, पाणी भरायचं, नाव वर येते. मोठी पायरी असेल तिथे नाव चक्क पाण्याबाहेर काढायची. नाव एका चाकांच्या पाळण्यावर बसे, पाळणा रुळांवर चढे, आणि त्याला ओढणारा दोर फिरवायला वरून पडणारं कालव्याचंच पाणी वापरत. असे २३ उतरंडीचे मार्ग आणि २३ जलपाश या कालव्यावर होते. बूंटनमध्ये अशी एक उतरंड होती. आज मेन स्ट्रीटवर जो चढ आपल्याला दमवतो, त्याच डोंगराशी ती झुंजत होती. रॉक्सबरीतल्या लेजवूडला आजही उतरंडीच्या जागी दगडी स्लीपर रांगेत रोवलेले दिसतात. रूळ बसवायला त्यांत पाडलेली भोकं शाबूत आहेत. बोट घालून बघता येतात.

दोन उतरंडींच्या मध्ये मैलोन्‌मैल पूर्ण सपाट पट्टा असे. नाव ओढणारी खेचरं काठाच्या वाटेने चालत. ती वाट जिथे उरली आहे तिथे आज सायकल चालते. कालवा १९२४ मध्ये मोडीत काढला. नुअर्कमध्ये तर त्याच्या कोरड्या पात्रात शहराची भुयारी ट्राम घातली. आता फिलिप्सबर्ग ते जर्सी सिटी अशी १११ मैलांची मॉरिस कॅनाल ग्रीनवे जोडण्याचा प्रयत्न सुरू आहे, पण आजघडीला ती तुकड्यातुकड्यांतच आहे. सलग वाट हवी असेल तर दक्षिणेचा डेलावेअर अँड रॅरिटन कालवा बघावा. तो १८३४ मध्ये सुरू झाला, १९७४ पासून राज्याचं उद्यान आहे, आणि त्याच्या काठाने व जोड-रेल्वेमार्गावरून सुमारे ७० मैलांची वाट जाते. प्रिन्स्टनच्या बाजूला राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ती दारातच आहे.

रूळ उखडले, मग जमीन का विखुरली नाही?

हा प्रश्न मला यंत्रशास्त्राहूनही रोचक वाटतो. न्यू जर्सीच्या खाणी मिनेसोटातल्या स्वस्त खनिजापुढे टिकल्या नाहीत. पुढे ट्रक आले. अमेरिकेतलं रेल्वेचं जाळं १९१६ मध्ये सुमारे २ लाख ५४ हजार मैलांवर होतं, तेव्हापासून ते आकसतच गेलं. पण रूळ काढल्यावर खालची पट्टी सहसा आपोआप तुटते. कारण बऱ्याच ठिकाणी रेल्वे कंपनीकडे जमिनीची मालकी नसून फक्त रेल्वे चालवण्याचा हक्क होता. रेल्वे बंद, की हक्क संपला आणि जमीन शेजारच्या मालकाकडे परत. एकाने कुंपण घातलं, दुसऱ्याने शेड बांधली, की शंभर वर्षांपूर्वी डोंगर फोडून केलेली सलग रेषा कायमची गेली. ती पुन्हा जुळवणं कुणाच्याही आवाक्यात नसतं.

१९८३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने यावर एक तोडगा काढला. बंद होणारा मार्ग सोडून दिला असं न मानता तो भविष्यातल्या रेल्वेसाठी राखून ठेवला असं मानायचं, आणि तोवर तिथे चालायची-सायकलची वाट करायची. हक्क संपलाच नाही, म्हणून पट्टी तुटत नाही. शेजारच्या जमीनमालकांनी याला आव्हान दिलं. व्हर्माँटमधला प्रिझॉल्ट कुटुंबाचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९० मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला. मालकांना भरपाई मागायचा मार्ग मात्र खुला ठेवला. हे मला न्याय्य वाटतं. वाट सर्वांची असली, तरी तिचा भार एकट्या शेतकऱ्यावर पडू नये. आज देशभरात अशा रेल्वेमार्गांवरच्या वाटा २५ हजार मैलांहून अधिक आहेत.

सगळ्या वाटा या कायद्यानेच वाचल्या असं नाही. लाँग व्हॅलीतून जाणारी ती कोलंबिया ट्रेल वाचली जमिनीखालच्या नळामुळे. सेंट्रल रेलरोडची ही हाय ब्रिज शाखा खनिजासाठी बांधलेली होती. ती बंद पडल्यावर कोलंबिया गॅस कंपनीला वायूवाहिनी टाकायला तीच सलग सपाट पट्टी सोयीची ठरली. नळ खाली, वाट वर. ट्रेलचं नावही कंपनीवरून पडलं.

महाराष्ट्रात हा विचार करताना मला शकुंतला आठवते. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही सुमारे १९० किलोमीटरची, कापसासाठी घातलेली अरुंद रेल्वे. तिथल्या लोकांना सायकलची वाट नको आहे, गाडी परत हवी आहे, आणि ती मागणी योग्यच आहे. पण पट्टी राखून ठेवण्याचा विचार तिथेही लागू पडतो: आधी रेषा तुटू देऊ नका, तिच्यावर काय धावेल ते नंतर ठरवा.

खडी, पण कसली?

रुळांखाली जी खडी असते ती सायकलला चालत नाही. ती मुद्दाम मोठी आणि एकसारखी ठेवतात, म्हणजे मधून पाणी वाहून जातं आणि गाडीचा दणका शोषला जातो. सायकलचं चाक मात्र तिच्यात रुततं. म्हणून रूळ गेल्यावर वाट तयार करताना ती काढतात किंवा दाबून वर बारीक थर देतात. तो थर नीट निवडला तर जवळपास रस्त्यासारखा कडक होतो आणि चुकला तर वाळवंट होतो.

फरक कशाने पडतो ते स्वयंपाकघरात कळेल. कोरड्या साबुदाण्याच्या ढिगावर तळवा दाबा: दाणे बाजूला सरकतात, ढीग पसरतो, कारण दाणे गोल आणि एका मापाचे आहेत. आता शेंगदाण्याच्या कुटावर तळवा दाबा: ठसा तसाच राहतो. कुटात जाड, मध्यम, बारीक असे सगळे तुकडे आहेत, ते कोनदार आहेत, मोठ्यांमधल्या फटी लहानांनी भरल्या आहेत, आणि थोड्या तेलाने सगळं एकमेकांना धरून आहे.

क्रशरमधून फुटलेल्या दगडाचंही असंच होतं. न्यू जर्सीतल्या चांगल्या वाटांवर सर्वांत वर पाव इंचापासून ते पिठासारख्या कचीपर्यंत सगळ्या मापांचा मिसळलेला थर असतो. तेलाच्या जागी ओल: थर किंचित ओला करून त्यावर रोलर फिरवतात. नदीतले गोटे सुंदर दिसतात, पण वाटेला निरुपयोगी. बागेत शोभेला टाकतात तसल्या गोल खडीवर सायकल घसरण्याचा अनुभव ज्यांनी घेतला असेल, त्यांनी सगळ्याच खडीला दोष देऊ नये.

दुसरा शत्रू पाणी. म्हणून वाट पूर्ण सपाट न ठेवता आडवा दोन टक्के उतार देतात. आठ-दहा फूट रुंदीत हा फरक दोन-अडीच इंचांचा, चालवताना कळत नाही, पण पाणी थांबत नाही. न्यू जर्सीत थंडीचा त्रास अधिक. आत मुरलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि थर उचलतं. मार्चमध्ये ते वितळलं की वर ओला चिखल, खाली अजून बर्फ. त्या दोन-तीन आठवड्यांत सायकल घातली तर चाकाची चर पडते आणि ती पुढे उन्हाळाभर राहते. ट्रेल मऊ असेल तर परत फिरावं, ही इथली शिस्त आहे आणि ती पाळायलाच हवी.

कोकणात हीच कृती जशीच्या तशी उचलता येणार नाही. न्यू जर्सीत वर्षभर मिळून साधारण १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बारा महिन्यांत विभागून. कोकणात त्याच्या दुप्पट-अडीचपट पाऊस चार महिन्यांत कोसळतो. बारीक कच पहिल्याच जुलैत वाहून जाईल. माथेरान गाड्यांपासून मुक्त आहे, पण तिथली तांबडी माती पावसाळ्यात कशी धुपते आणि त्यावर उपाय म्हणून घातलेल्या पेव्हर ब्लॉकवरून किती वाद झाले, हे सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडे अशी वाट करायची तर गटारं, मोऱ्या आणि चढाच्या जागी दगडी फरसबंदी यांवर आधी खर्च करावा लागेल. त्या मानाने देशावरचे कालवे सोपे. पुण्याच्या मुठा उजव्या कालव्याच्या काठाने सकाळी चालणारे लोक सपाट कालवावाटेचा फायदा आजही घेतातच.

टायर रुंद का?

खडीसाठी टायर जास्त हवा भरून टणक करावा असं पुष्कळांना वाटतं. उलट करायला हवं. टणक टायर प्रत्येक खड्यावरून उडतो, म्हणजे तुमचं अख्खं वजन क्षणभर वर उचलतो, आणि ही मेहनत वाया जाते. रुंद आणि थोडा मऊ टायर खडा स्वतःत दाबून घेतो. माणूस पुढे जात राहतो. ३५ ते ४५ मिलिमीटर रुंदीचा टायर आणि ३५ ते ५० पीएसआय हवा बहुतेकांना ठीक. वजन जास्त असेल तर थोडी अधिक. यासाठी हजारो डॉलरची ग्रॅव्हल बाइक लागत नाही; गराजमधल्या जुन्या माउंटन बाइकवर किंवा साध्या हायब्रिडवर कोलंबिया ट्रेल आरामात होते.

पार्सिपनीहून कुठे जावं

सर्वांत जवळची पेट्रिअट्स पाथ. मॉरिस काउंटी पार्क कमिशनची ही वाट व्हिपनी नदीच्या काठाने मॉरिसटाउनकडे येते आणि स्पीडवेल तलावाजवळून मेंडमच्या दिशेने जाते. तिचा काही भाग जुन्या रॉकअवे व्हॅली रेल्वेच्या मार्गावर आहे. स्पीडवेलला जरूर थांबा. १८३८ च्या जानेवारीत मॉर्स आणि आल्फ्रेड व्हेल यांनी तार यंत्राचं प्रात्यक्षिक इथेच दाखवलं होतं. ही वाट सगळीकडे सारखी नाही: कुठे डांबर, कुठे खडी, कुठे मुळांनी भरलेली पायवाट. लहान मुलं असतील तर खडीच्या भागातच राहा.

माझी पहिली पसंती कोलंबिया ट्रेलला. हाय ब्रिजपासून बार्टलीपर्यंत सुमारे १५ मैल. रॅरिटन नदीच्या दक्षिण शाखेच्या काठाने ती जाते. हाय ब्रिजहून निघालं तर जाताना नदीच्या उगमाकडे, म्हणजे बारीक चढ, आणि दमल्यावर परतताना उतार. नवख्यांनी हीच दिशा घ्यावी. सुरुवातीच्या काही मैलांतच केन लॉकवुड दरीवरचा उंच पूल लागतो, पुढे कॅलिफन गाव. तिथलं जुनं दगडी स्टेशन आता संग्रहालय आहे.

लांब पल्ला हवा असेल तर ससेक्स आणि वॉरन काउंटींतली २७ मैलांची पॉलिन्सकिल व्हॅली ट्रेल. तिची जमीन नुअर्क शहराने पाण्याच्या नळासाठी घेतली होती. तो नळ कधी टाकलाच नाही आणि पुढे राज्याने ती विकत घेतली. तिथली वाट कोळशाच्या राखेची, काळसर आणि मऊ. आणि समुद्रच बघायचा असेल तर मनमथ काउंटीतल्या हेन्री हडसन ट्रेलचा अटलांटिक हायलँड्स ते हायलँड्स हा किनाऱ्याचा तुकडा. एका हाताला सँडी हुकचा उपसागर, दुसऱ्या हाताला २६६ फूट उंच माउंट मिचिलचा कडा, आणि मधून जुन्या रेल्वेची सपाट वाट. बाकीची ट्रेल बहुतांश डांबरी आहे, हा तुकडा मात्र खडीचा.

निघण्यापूर्वी

न्यू जर्सीत १७ वर्षांखालील मुलांना हेल्मेट कायद्यानेच सक्तीचं आहे, मोठ्यांनीही घालावं. ट्रेलवर चालणाऱ्याला आधी वाट द्यायची आणि घोडा दिसला तर वेग पूर्ण कमी करून, बोलून पुढे जायचं, कारण घोडा मागून आलेल्या सायकलला बिचकतो. पुढच्याला ओलांडताना घंटी वाजवा. ट्रेल गावातला रस्ता ओलांडते तिथे थांबा. बेसावधपणाने अपघात व्हायचा धोका तिथेच जास्त.

आणि गोचीड. इथली हरणांवरची बारीक गोचीड लाइम नावाचा आजार पसरवते, आणि न्यू जर्सीत तो भरपूर आहे. वाटेच्या मधोमध धोका कमी. गवतात बसलात, झुडपात शिरलात की वाढतो. घरी आल्यावर मुलांच्या कानांमागे, काखेत, गुडघ्यांच्या मागे बघा. गोचीड चिकटून चोवीस तास व्हायच्या आत चिमट्याने सरळ ओढून काढली तर संसर्गाची शक्यता फारच कमी राहते.

शेवटी पार्सिपनीकरांना एक विनंती. २०२२ मध्ये न्यू जर्सी राज्याने माँटक्लेअर ते जर्सी सिटी हा जुन्या बूंटन रेल्वेमार्गाचा सुमारे ९ मैलांचा पट्टा साडेसहा कोटी डॉलरना विकत घेतला, तिथे ग्रीनवे होणार आहे. मॉरिस काउंटीतही मोकळ्या जागांसाठीचा कर १९९२ च्या मतदानातून आला आणि तो आपण घरपट्टीबरोबर दर तिमाहीला भरतो. हा पैसा कुठे जायचा हे ठरवणाऱ्या गावच्या आणि काउंटीच्या बैठका सर्वांना खुल्या असतात, पण तिथे आपली माणसं फार थोडी दिसतात. पुढच्या बैठकीला जा, आणि पार्सिपनीच्या दारातून कालव्याच्या वाटेपर्यंत मूल सायकलने सुखरूप पोचेल असा जोडमार्ग मागा.